न प्यालेली कॉफी

स्वस्त तिकिटांच्या विमान कंपनीच्या अध्यक्षानं, बर्राकनं, अबू धारींच्या घरी भर बैठकीत कॉफीचा पेला न पिताच खाली ठेवला. मागणं मान्य होईपर्यंत प्यायची नाही, ही आमच्या कुवेतची रीत. पाहुणा तसाच उठला तर यजमानाची अब्रू जाते. यजमान अबू धारी, सरकारी विमानतपासणीचे प्रमुख. त्यांनीच बर्राकची विमानं जमिनीवर बसवलेली. “काका, उमऱ्यासाठी मक्केला निघालेले यात्रेकरू खोळंबलेत. बंदी उठवा.” “इंजिनं दुरुस्त केलीस?” “ठीक आहेत. संचालक मंडळानं ठरावच केलाय.” “तुझ्या तीन मेहुण्यांनी हात वर केले की इंजिन बरं होतं होय?” कोणीतरी फिसकन हसलं. “मग न पिता उठू? गावभर होईल.” “होऊ दे. माझी अब्रू गेली तर गेली, यात्रेकरूंचे जीव तरी राहतील. ऊठ.” बर्राक उठला. पाहुणा निघाला की आम्ही उभे राहतो. त्यावेळी कोणाची मांडीसुद्धा हलली नाही.