ताप नाही

"ताप कधीपासून होता?" डॉक्टरांनी विचारलं.

"ताप नव्हताच, डॉक्टर," धाकटीचा नवरा म्हणाला. "एकदाही नाही. नुसता खोकला, आणि अंगात त्राण नाही. मी सकाळ-संध्याकाळ थर्मामीटर लावत होतो. या तिच्या थोरल्या बहीण. ही सांध्यांसाठी घेते त्या तुमच्या नव्या औषधाच्या संशोधनातल्याच आहेत. रोज फोन असायचा यांचा, ताप आहे का म्हणून. नाही म्हटलं की म्हणायच्या, मग घाबरू नका."

हे त्याने चांगलं छाती काढून सांगितलं. आमच्या घरात शिकलेलं माणूस आहे, आम्ही काही गाफील राहिलो नाही, असा त्याचा सूर. थोरली भिंतीला टेकून उभी होती. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं.

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं. ओळखत होते ते तिला. याच इस्पितळाच्या सभागृहात तिने टेबलावर हात आपटून सगळ्यांना बजावलं होतं, "तापाची वाट बघत बसू नका! या औषधावरच्या पेशंटला ताप येईलच असं नाही. दम लागला, गळून गेला, की आधी दाखल करून घ्या." पण त्यातलं ते काही बोलले नाहीत.

"दोन्ही फुप्फुसं भरलीत. जंतू रक्तात गेलेत," ते म्हणाले. "जरा आधी आणलं असतं तर..." वाक्य तसंच सोडून ते आत गेले.

नवरा बाकावर बसला. धाकटीच्या चपला कुणीतरी प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्याच्याकडे दिल्या होत्या. ती पिशवी त्याने मांडीवर घेतली.

"ताप नाही आणि जंतू रक्तात? असं कसं हो ताई?"

थोरली गप्प बसली असती तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. डॉक्टरांनी तर तिला पाठीशीच घातलं होतं. तिच्या मनात आलंही तसं. मग तिचं तिलाच ते सहन होईना.

"त्या औषधामुळे," ती म्हणाली. "हिच्या अंगात एक प्रथिन फार वाढलं होतं. सायटोकाइन म्हणतात त्याला. सांध्यांना सूज आणणारं तेच. आम्ही जे प्रतिपिंड बनवलं ना, ते जाऊन त्या प्रथिनाला चिकटतं आणि त्याला निकामी करून टाकतं. म्हणून तर तिची बोटं उघडली."

"उघडली म्हणजे काय! परत मशीनवर बसली की. शाळेचे गणवेश शिवायला घेतले. मला म्हणते कशी, आता शर्टाला बटण लावायला दुसरी बघू नका."

"तेच प्रथिन ताप आणतं," थोरली म्हणाली. "जंतू शिरले की पहिली बोंब तेच ठोकतं. आम्ही त्याचं तोंड बांधलं. आत जंतू मोकाट, आणि वरून अंग गारच्या गार."

तो शाळेची बस चालवायचा. असलं काही त्याने जन्मात ऐकलं नव्हतं. पण त्याला कळलं. त्याने पिशवी मांडीवरून उचलून बाजूला ठेवली.

"हे तुम्हाला आधीपासून माहीत होतं?"

"हो."

"मग रोज तापच का विचारत होतात?"

सभागृहातल्या कुठल्याही प्रश्नाला तिने पटकन उत्तर दिलं असतं. परक्या माणसांसाठी ती डोळ्यांत तेल घालून जागायची. आणि बहिणीकडे फोन लावला, की कानाशी फोन, एका हातात किल्ल्या, आणि तोंडात घरोघरी असतो तो प्रश्न. ताप आहे का? नाही ना? मग ठीक आहे.

"आई तसंच विचारायची," ती म्हणाली. एवढंच सुचलं. तोंडातून गेल्यावर तिला स्वतःचीच किळस आली.

त्याने चार शिव्या हासडल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं. तो आपला समोरच्या पाण्याच्या मशीनकडे बघत राहिला. कुणीतरी येऊन पेला भरून घेऊन गेलं, तरी त्याची नजर तिथेच होती.

दार उघडलं. सिस्टर अर्धी बाहेर आली.

"श्वासासाठी नळी घालतोय. मग त्यांना बोलता येणार नाही. काय बोलायचं ते आत्ताच बोलून घ्या. एकालाच सोडते. कोण येतंय?"

तो ताडकन उठला. दारापर्यंत गेला, सिस्टरने त्याच्या हातात मास्क दिला. बांधायच्या आधीच तो थांबला. मागे वळला, आणि मास्क थोरलीपुढे धरला.

"तुम्ही जा, ताई."

"अहो, नाही, तुम्ही..."

"जा," तो म्हणाला. "बरी होईन ना, असं विचारेल ती. तुम्ही सांगितलेलं तिला खरं वाटतं."