दहा नाही
मृतासाठी प्रार्थना म्हणायला ज्यूंना दहा पुरुष लागतात आणि वारलेल्या शिंप्यासाठी जमले होते नऊ. त्याची मुलगी प्रार्थनागृहाच्या दाराशी उभी होती. बायकांना इथे मोजत नाहीत. गारठा होता म्हणून तिने वडिलांचाच कोट चढवला होता. "तुझे बाबा असते तर दहा झाले असते," एक जण बोलून गेला आणि ओशाळला. तिथली देखभाल करणारे आजोबा मोजायला उठले. त्यांना दिसतं कमी आणि आठवतं त्याहून कमी. माणसं मोजणं अशुभ, म्हणून ते मोजतात, "एक नाही, दोन नाही..." मंडळीही एक नाही, दोन नाही. बोट दाराशी आलं, कोटावर थांबलं. "दहा नाही! आला एकदाचा शिंपी, नेहमीसारखा उशिरा. आज प्रार्थना कुणासाठी रे?" सगळे जमिनीकडे पाहू लागले. मुलगी कॉलर वर करून घोगऱ्या आवाजात म्हणाली, "माझ्यासाठी."