‘उथळ’चा चौथा अर्थ

ऑक्सफर्डच्या एका शब्दकोश कचेरीत क्रिस्पिन महिनाभर ‘उथळ’ या एकाच शब्दाशी झटत होता. उथळ पाणी, उथळ बशी, उथळ श्वास, हे तिन्ही अर्थ हातावेगळे झाले होते. माणसाला लावायचा चौथा अर्थ मात्र बोलण्यातल्या अस्सल उदाहरणावाचून अडून बसला होता.

रविवारी त्याच्या बायकोने, लिनेटने, बॅग भरली.

“बहिणीकडे चाललेय, कायमची! मी रडत काही सांगावं, तर तू माझे शब्द सुधारत बसतोस. इतका उथळ माणूस मी उभ्या जन्मात पाहिला नाही रे!”

क्रिस्पिनचे डोळे भरून आले. ते पाहून लिनेट विरघळलीच. तिने बॅग खाली ठेवली.


“परत एकदा म्हण ना गं,” तो गहिवरून म्हणाला, “जरा सावकाश. उतरवून घेतो.”