टेबलावरचा सर्व्हर

सूनबाई घरी बसून कंपनीच्या सर्व्हरांना वीज नीट मिळतेय का ते लॅपटॉपवर बघते. त्यातलाच मोडीत काढलेला एक आमच्या जेवणाच्या टेबलावर पडला होता. तरी लॅपटॉपवर तो चालू, हिरवागार!

"आई, खरं सांगा, तुम्हीच वायर लावलीत ना?"

"अगं बये, वायर तर माझ्या हातात आहे!"

तिला पटेना. नको तिथे हात घालण्याची माझी ख्यातीच तशी.

"मेलेला चालू दिसला तर नोकरी जाईल माझी," ती म्हणाली.

लॅपटॉपवर विजेचा आकडा चढायचा, उतरायचा. आतल्या खोलीत आमचे हे दुपारचे घोरत होते, अगदी त्याच तालात.

"थांब, नको!" मी म्हणेपर्यंत तिने लॅपटॉपवरून सर्व्हर बंद केला.

आकडा शून्यावर आला. घोरणंही थांबलं.