ज्याचा त्याचा पेपर

"वाटाघाटींना यश!" इंदुमती जगदाळेंनी मथळा वाचून दाखवला तसे शेजारचे दत्तोबा वैतागले. "वहिनी, सैन्य निघालं म्हणतोय माझा पेपर!"

तीन आठवडे दोघं असेच भांडत होते. अखेर इंदुमतींनी दोन्ही पेपर ओसरीवर शेजारी शेजारी पसरले. नाव एकच, तारीख एकच, बातम्या मात्र उलट्या. त्यांनी तडक पेपरच्या कचेरीत फोन लावला.

तिकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मावशी, आता यंत्र प्रत्येक वाचकासाठी वेगळा पेपर काढतं. तुमचा मुलगा सीमेवर आहे ना? सैनिकांच्या घरी आम्ही काळजीच्या बातम्या देत नाही."

"आणि ज्यांचं कुणीच सैन्यात नाही, त्यांना?"

"त्यांना युद्धाच्या बातम्या आवडतात."

इंदुमतींच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. या आळीतल्या पंधरा घरांतली मुलं सीमेवर होती आणि पंधराही घरं निवांत चहा पीत बसली होती.

"अगं, मग युद्ध नको म्हणून ओरडायचं कुणी?"

त्यांनी फोन आपटला. इंदुमतींनी पायात चपला सरकवल्या.

"भावोजी, तुमचा पेपर घ्या आणि चला माझ्याबरोबर," असं म्हणून त्यांनी समोरच्या घराची कडी जोरात वाजवली.