उजव्या कोपऱ्यातलं नाव

सुई ओवताना नव्या कृत्रिम डोळ्यापुढे ते नाव नेमकं आड यायचं, म्हणून हसीना शिकलगारनं आज सकाळी डॉक्टरांच्या मागे लागून ते गुपचूप पुसून घेतलं.

मेडिकल कॉलेजातल्या नेत्रसंशोधनाला पाठारेबाईंनी सगळी इस्टेट दिली होती, ती एकाच अटीवर. देवळातल्या पंख्यावर असतं तसं त्यांच्या दिवंगत यजमानांचं नाव इथं बसवलेल्या प्रत्येक कृत्रिम डोळ्याला, नजरेच्या उजव्या कोपऱ्यात, कायम दिसायला हवं.

दुपारी काठी टेकत बाई वॉर्डात आल्या. त्यांचे स्वतःचे डोळे शाबूत होते, त्यामुळे त्यांना ते नाव कधीच दिसलं नव्हतं.

“दिसतं का गं ह्यांचं नाव?” त्यांनी विचारलं.

हसीनानं त्यांच्या खांद्याशेजारच्या मोकळ्या भिंतीकडे पाहिलं.

“दिसतं की, आजी. आत्ता अगदी तुमच्या शेजारी आहे.”