नवं दुखणं

माझ्या वेबकॉमिकमधले अप्पा दिल्लीतल्या सरोजिनी नगरच्या बाजारातून भाजी आणायला नको म्हणून दर भागात एक नवं दुखणं काढायचे, आणि देशभरातले दोन लाख वाचक हसायचे. खऱ्या अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, त्याचं भारी कौतुक. नवी दुखणी तेच सुचवायचे आणि प्रत्येक भाग ऑफिसात सगळ्यांना फोनवर दाखवायचे.

त्या रविवारी पिशवी घेऊन भाजीला निघालेले अप्पा दाराजवळच्या खुर्चीत बसले.

"मृणाल, छातीत कळ येतेय गं. आज खरंच."

"तुमचं रोजच खरं असतं! पण हे दुखणं बिल्कुल नवीन आहे हं, अप्पा. असेच बसा, चित्र काढून घेते."



चित्र पूर्ण होईपर्यंत अप्पा एकदाही हलले नाहीत.